चूल कोणाची, ताट कोणाचें?

एकत्र कुटुंबांत मूल उपाशीं राहत नाहीं, असें आपल्यांतील वडील मंडळी मोठ्या विश्वासानें सांगतात. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. आई शेतावर गेली तरी घरीं आजी असते, काकू असते. कोणीतरी भाकरीचा तुकडा मुलाच्या हातीं ठेवतें. परंतु यावरून पुढें जो निष्कर्ष काढला जातो, कीं विधवेच्या किंवा टाकलेल्या स्त्रीच्या घरीं मुलें अर्धपोटीं असलीं तर तो त्या घराच्या घडणीचाच दोष, तो आम्हांस मान्य नाहीं.

बीड जिल्ह्याकडे पाहावें. दरसाल दिवाळीच्या सुमारास तेथील हजारों जोडपीं ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाच्या हिशेबीं नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि आगाऊ उचलही त्या कोयत्यावरच. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मूल तर त्या हिशेबांत कोठेंच नाहीं! तें एकतर आईबापांबरोबर फडावर जातें, नाहींतर गांवीं आजीआजोबांपाशीं राहतें. आईबाप दोघेही हयात, घरांत वडील माणसें, नांवाला कुटुंब भरलेलें. पण थकलेल्या आजीला चूल पेटवेना, तर त्या पोरानें संध्याकाळीं काय खावें? अशा मुलांसाठीं गांवोगांवीं हंगामी वसतिगृहें काढण्याची सरकारी योजना आहे. परंतु तीं आईबाप निघण्यापूर्वीं उघडलीं तरच तिचा उपयोग.

शिधावाटपाचा हिशेबही असाच विचार करण्याजोगा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस महिन्याला माणशीं ५ किलो धान्य ठरविलें; अंत्योदय कुटुंबास मात्र माणसें कितीही असोत, ३५ किलो. म्हणजे घरांत चार माणसें असलीं तर माणशीं पावणेनऊ किलो, दहा असलीं तर साडेतीन. मोठें कुटुंब म्हणजे मोठा आधार, हें वचन येथें उलटें पडतें. त्याच कायद्यानें शिधापत्रिकेपुरती घरांतील १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली, हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें. (पुष्कळ घरीं जेवायला मात्र तीच शेवटीं बसते, ही गोष्ट निराळी.)

शाळेंतील ताट मुलाला बाप आहे कीं नाहीं, हें विचारीत नाहीं. सरकारी व अनुदानित शाळांतून पहिली ते पांचवीच्या मुलामागें रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागें १५० ग्रॅम धान्य शिजवावें, असा नियम आहे. पण नववींत पाऊल पडलें कीं तें ताट बंद होतें. आणि भूक तर त्याच वयांत वाढते. आमच्यासारख्या हायस्कुलांस हें विसरून चालावयाचें नाहीं. मधल्या सुटींत नळावर पाणी पिऊन वर्गांत परतणारा मुलगा कोणत्या कुटुंबांतला, ही चौकशी आपण फार करतों. तो जेवला काय, ही फार थोडी. रोजची भाकर मागतांना प्रभूच्या प्रार्थनेंत 'माझी' असें कोणी म्हणत नाहीं, 'आमची' असेंच म्हणतात.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे. नववीदहावींतील मुलाचा डबा भरतांना एक भाकरी अधिक घालावी, आणि ती कोणास दिली हें त्याला विचारूं नये.