एकतर्फी निष्ठा

बास्केटबॉलच्या चाहत्यांचा खरा हंगाम सामने संपल्यावर सुरू होतो. जूनमध्ये एनबीएचा विजेता ठरतो, आणि महिना संपता संपता करार संपलेले खेळाडू नवा संघ निवडू लागतात. याला फ्री एजन्सी म्हणतात. मग कोण गेला, कोण आला आणि बदल्यात काय मिळाले, यावर चाहत्यांत कडाक्याचे वाद झडतात. या वादांत आम्हीही वर्षानुवर्षे हिरिरीने भाग घेतला आहे. तेव्हा पुढील टीका परक्याची नव्हे, घरातलीच आहे.

आमची तक्रार अशी की, या वादांत चाहता मालकाच्या मुनिमाची भाषा बोलतो आणि तीच आपली भाषा आहे असे समजतो.

उदाहरण २०१९च्या उन्हाळ्याचे घेऊ. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरँट १० जूनला अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात दुखापतीतून परतला आणि त्याच सामन्यात त्याच्या टाचेवरची अकिलीस कंडरा तुटली. महिनाअखेर त्याने ब्रुकलिन नेट्सकडे जायचे ठरवले. वॉरियर्सचा पगारखर्च आधीच मर्यादेबाहेर होता. तो नुसता निघून गेला असता तर त्याच्या जागी तोलाचा खेळाडू घेण्याची मुभा नियमांनी दिली नसती. म्हणून ‘साइन अँड ट्रेड’चा मार्ग निघाला. ड्युरँट करार करून ब्रुकलिनला, आणि ब्रुकलिनचा तरुण डी'अँजेलो रसेल चार वर्षांचा करार करून वॉरियर्सकडे. अशा मार्गाने खेळाडू घेणाऱ्या संघाला त्या वर्षापुरती खर्चाची पक्की कमाल मर्यादा पाळावी लागते. त्या मर्यादेत बसण्यासाठी आंद्रे इग्वोडालाला मेम्फिसला धाडण्यात आले, आणि त्याला घेण्याबद्दल मेम्फिसला भविष्यातली पहिल्या फेरीची एक निवडही देण्यात आली. हाच इग्वोडाला २०१५च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

यावर चाहत्यांचे बहुमत काय होते? ‘नाहीतरी तो जाणारच होता, निदान हात हलवत बसावे लागले नाही.’ रसेल आणि करी एकत्र खेळू शकतील का, हा प्रश्न विचारला गेला खरा. पण त्याहून आवडीने चर्चिला गेलेला प्रश्न असा होता की, रसेलला पुढे कधी आणि कोणाच्या बदल्यात द्यावे? पाहुण्याने उंबरठा ओलांडण्याआधीच त्याच्या परतीच्या गाडीची चौकशी! रसेल वॉरियर्सकडून ३३ सामने खेळला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला मिनेसोटाला देऊन अँड्र्यू विगिन्स आणण्यात आला. मुक्त खेळाडू म्हणून केलेल्या सहीचे स्वातंत्र्य जेमतेम सात महिने टिकले. त्याला अप्रामाणिक कोणी म्हटले नाही, हे ठीकच. पण संघालाही कोणी अप्रामाणिक म्हटले नाही. संघाने केला तो ‘व्यवहार’.

आता याच ड्युरँटचे २०१६ साल आठवावे. करार संपल्यावर त्याने ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ सोडला. त्याने कोणाचा करार मोडला नव्हता. नियमाने मिळालेला हक्क बजावला होता. तरी तो गद्दार ठरला आणि काही चाहत्यांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. हा संघ मुळात ओक्लाहोमाचा नव्हताच. १९६७पासून तो सिॲटलचा होता. १९७९चे विजेतेपद सिॲटलचे होते. २००८ मध्ये नव्या मालकांनी तो उचलून ओक्लाहोमाला नेला, आणि २००७ मध्ये सिॲटलनेच निवडलेला ड्युरँटही त्याबरोबर गेला. म्हणजे अख्खा संघ शहर सोडून जातो तेव्हा तो व्यवसाय. त्या संघातला एक माणूस करार पुरा करून जातो तेव्हा तो विश्वासघात. हा न्याय कोणत्या तराजूत तोलला गेला?

वॉरियर्सच्या चाहत्यांनीही हसू नये. ड्युरँट गेला त्याच उन्हाळ्यात त्यांचा संघही गेला. १९७१पासून तो ओकलंडमध्ये खेळत होता. २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या, महागड्या क्रीडागृहात राहायला गेला. पडत्या काळात ज्या ओकलंडने खुर्च्या भरल्या, त्या ओकलंडच्या पदरी आठवणी उरल्या. चाहते मात्र तेव्हा रसेलच्या पगाराची बेरीज मांडत होते.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, कोट्यवधी डॉलर घेणाऱ्यांसाठी गळा कशाला काढायचा? आम्ही गळा काढत नाही. लीगच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा शेकडो खेळाडूंत वाटला जातो, उरलेला तीस संघांच्या मालकांकडे जातो. खेळाडूचा पगार चाहत्याला तोंडपाठ असतो, मालकाची मिळकत मात्र त्याने कधी विचारलेली नसते. शिवाय हा हक्कही कोणी दान दिलेला नाही. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असलेल्या ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये लीगविरुद्ध दावा लावला. तडजोड व्हायला १९७६ उजाडले, आणि करार संपलेल्या अनुभवी खेळाडूला खऱ्या अर्थाने मोकळे व्हायला १९८८. त्याआधी करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा दावा संपत नसे. त्या काळातल्या निष्ठेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, दार बाहेरून बंद असलेल्या घरात राहण्याला निष्ठा म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक हुशारीचा आहे. हिशेब शेवटी बरोबर ठरला ना? २०२२ मध्ये वॉरियर्स पुन्हा जिंकले, आणि त्यात विगिन्सचा वाटा मोठा होता. मान्य. पण हाच विगिन्स आला तेव्हा अवाजवी पगाराचे ओझे म्हणून हिणवला जात होता. ज्याला वहीच्या खर्चाच्या बाजूला मांडले, तो माणूस निघाला. आणि त्या विजेत्या संघात इग्वोडालाही होता, २०२१ मध्ये स्वतःच्या मर्जीने परतलेला. ज्याला आकड्यात बसत नाही म्हणून बाहेर काढले, तोच परत आला. निष्ठा ती आणखी कशी असते?

खेळ पाहताना हिशेब करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. नियम समजून घेण्यात बौद्धिक आनंद आहे, तो आम्हीही लुटतो. पण मालकाचा हिशेब आपला म्हणून मांडू लागले की चाहत्याजवळ स्वतःचे शब्द उरत नाहीत. ‘शेवटी हा धंदा आहे’ हे वाक्य त्याने इग्वोडालाच्या बाबतीत मान्य केले, की संघ गाव सोडून जातो तेव्हाही त्याला तेच गिळावे लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सकडे धाडले, तेव्हा तिथले चाहते क्रीडागृहाबाहेर जमले. त्यांनी हिशेब मांडला नाही. आमचा माणूस आम्हाला न विचारता दिला, एवढेच ते संतापाने सांगत होते. व्यवहार करणाऱ्या व्यवस्थापकाला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पद सोडावे लागले. डॉन्चिच काही परतला नाही. पण त्या दिवसांत चाहता मुनिमासारखा नव्हे, चाहत्यासारखा बोलला. पुढच्या जूनअखेरीस वादाला बसताना आपणही निष्ठेचा हिशेब आधी मालकाकडे मागावा, खेळाडूकडे नंतर.