होडीतली बॅटरी कुठे ठेवावी?

बैलगाडीत मागे जास्त ओझे पडले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. होडीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की गाडी उलाळ झाली की बैल अडतो; होडी मात्र चालत राहते आणि मागून पाणी आत घेते.

बेळगाव-खानापूरकडच्या कितीतरी घरांचे सोयरे कारवार-अंकोल्याला नाहीतर गोव्यात असतात. त्यांच्यापैकी कुणाकडे सतरा-अठरा फुटी फायबरची होडी असेल तर तिच्या मागच्या बाजूला एकदा नजर टाका. इंजिन तिथे, पेट्रोलची टाकी तिथे, चालवणारा तिथे आणि तार लांबवायला नको म्हणून बॅटरीही तिथेच. जुनी टू-स्ट्रोक इंजिने जाऊन तेवढ्याच ताकदीची, पण वजनाने जास्त अशी फोर-स्ट्रोक आली. दिवे, पाणी उपसायचा पंप, मासे दाखवणारे यंत्र यांच्यासाठी दुसरी बॅटरी आली. होडी तीच राहिली.

शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी साधारण ३० किलोंची असते. घरातली इन्व्हर्टरची उंच बॅटरी त्याच्या जवळजवळ दुप्पट. ती सरकवताना कंबर धरते, त्यावरून अंदाज येईल. कन्नडमध्ये वजनाला 'तूक' म्हणतात, जुन्या मराठीतही तोच शब्द आहे. पण होडीत नुसते तूक सांगून भागत नाही, ते कुठे ठेवले तेही सांगावे लागते. दोन बॅटऱ्या, म्हणजे ६० किलो, मागून २ मीटर पुढे आणल्या तर जो फरक पडतो, तोच पाडायला ३० किलोंच्या मुलाला ४ मीटर पुढे, जवळजवळ नाळेपाशी नेऊन बसवावे लागेल. आणि मूल एका जागी बसत नाही!

मागची कड पाण्याच्या किती वर आहे, यावर बरेच अवलंबून असते. काळी नदीच्या मुखाशी परतताना लाट पाठीमागून येते. कड आधीच खाली असेल तर ती लाट थेट आत. आत आलेले पाणी मागेच साठते, मागची बाजू आणखी खाली जाते आणि पुढची लाट आणखी सहज शिरते. जानेवारी २०१९ मध्ये कारवारजवळच्या कुर्मगडाच्या जत्रेहून परतणारी होडी उलटून १६ जणांचा जीव गेला. त्यात आपल्या हावेरीकडची माणसे होती. तिथे प्रश्न बॅटरीचा नव्हता, होडीत माणसे फार झाली होती. पण भरलेल्या होडीची कड पाण्यापासून किती जवळ येते, हे आपण त्यानंतर तरी मोजायला हवे होते.

मग बॅटरी सरळ नाळेतच का ठेवू नये? बरेच जण तेच करतात, आणि मला ते पटत नाही. मध्यापासून २ मीटरवर ठेवलेले १ किलो, होडीच्या पुढे-मागे डुलण्याच्या हिशेबात, १ मीटरवरच्या ४ किलोंइतके होते. नाळ जड झाली की ती लाटेवर वेळेत उचलली जात नाही, लाटेत घुसते. जागा हवी ती मधल्या फळीखाली, डाव्या-उजव्या बाजूंच्या बरोबर मध्ये आणि खाली. मात्र अगदी तळाशी नको. तिथे खारे पाणी साचते, आणि ते शिशाच्या बॅटरीत शिरले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पूर्वीच्या पाणबुड्यांतल्या लोकांना याचीच धास्ती असे. तळापासून चार बोटे उंच चौथरा करून त्यावर बॅटरी घट्ट पट्ट्याने बांधावी. पेटी असावी, पण वर हवा जायला वाट ठेवावी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

तारेला हात लावण्याआधी एक साधी चाचणी करा. बॅटऱ्या काढून किनाऱ्यावर ठेवा आणि त्यांच्याऐवजी पाण्याने भरलेले २० लिटरचे ३ कॅन घ्या, झाले ६० किलो. नेहमीची माणसे नेहमीच्या जागी बसवा. कॅन आधी मागे, मग मध्ये ठेवून प्रत्येक वेळी नाळेपाशी आणि मागे कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. संथ पाण्यात अर्ध्या तासाचे काम.

खर्च तारेचा आहे. बॅटरी २ मीटर पुढे गेली की जाणारी-येणारी मिळून तार ४ मीटर वाढते. इंजिनाचा स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. तार दुप्पट लांब केली तर तिची जाडी, म्हणजे तांब्याचा छेद, दुप्पट हवा. नाहीतर सकाळी इंजिन नुसते कुरकुरेल. म्हणून मी म्हणेन, स्टार्टरची बॅटरी मागेच राहू द्या, दिवे-पंपाची तेवढी मध्ये आणा. तिची तार बारीक चालते. फ्यूज मात्र बॅटरीला लागूनच बसवा.

हे काम पावसाळ्यात, होडी वर ओढलेली असताना करावे. कॅनची चाचणी तेवढी आधी, पाण्यात असतानाच उरकून चौथऱ्याची खूण करून ठेवावी.