फ्लेमिंगो आणि त्याचा चिखल

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत 'काचो-ए' नावाचा एक प्रकार आहे. 'का' म्हणजे फूल, 'चो' म्हणजे पक्षी आणि 'ए' म्हणजे चित्र. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अगदी साधी आहे. या चित्रांत पक्षी सहसा एकटा नसतो. चिमणी असली की सोबत बांबू, रानबदक असलं की लव्हाळी, उगुइसू हा गाणारा पक्षी असला की प्लमचा मोहोर. बर्फ पडलाय की वसंत आलाय, तेही कळतं. चित्रकाराने रेखाटायचं, दुसऱ्याने चेरीच्या लाकडात कोरायचं, तिसऱ्याने एकेका रंगाचा वेगळा ठसा उमटवायचा. भरपूर प्रती निघत, त्यामुळे साध्या माणसालाही चित्र विकत घेता येई.

आता आपल्या नवी मुंबईकडे वळू या. इथे जिथे तिथे फ्लेमिंगो! पुलाखाली, भिंतींवर, चौकातल्या पुतळ्यांत. आपण स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवतो. चित्रं छान आहेत, कौतुकच आहे. पण बहुतेक ठिकाणी पक्षी नुसता उभा. खाडी नाही, खारफुटी नाही, चिखल तर नाहीच.

खरं तर त्याचा गुलाबी रंग येतो तोच या चिखल-पाण्यातून. तिथलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन तो गुलाबी होतो. ओहोटीला तो खाडीत चरतो. भरतीला चिखल बुडाला की टेकायला जुईनगरच्या शेजारी, नेरूळच्या तळ्यांवर येतो. ठाणे खाडीत 2015 साली अभयारण्य झालं, 2022 साली तिला रामसर दर्जा मिळाला. तरीही 2024 मध्ये नेरूळच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येईनासं झालं, तळं सुकलं आणि काही फ्लेमिंगो दगावले. भिंतींवरचे मात्र तसेच ताजे, टवटवीत! 2025 मध्ये हे तळं संवर्धन राखीव करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, हे चांगलंच झालं.

कुणी म्हणेल, चित्रांमुळे निदान लोकांना पक्षी माहीत तरी होतो. मान्य. पण नुसतं माहीत होऊन भागत नाही. हिरोशिगेने 1856 ते 1858 या काळात एदो शहराची, म्हणजे आजच्या टोकियोची, चित्रमालिका केली. तीत मिकावाशिमाच्या पाणथळीत उतरणारे क्रौंच आहेत. तेव्हा शोगुनच्या शिकारीसाठी का होईना, ते राखले जात. 1868 नंतर ती राजवट गेली, राखण संपली, शिकार वाढली, पाणथळी बुजल्या. आज मिकावाशिमाला रेल्वे स्टेशन आहे, क्रौंच नाहीत. हे क्रौंच जपानमधून संपलेच असं लोक धरून चालले होते. 1924 साली दूर उत्तरेला, कुशिरोच्या दलदलीत थोडे सापडले. दलदल उरली होती, म्हणून पक्षी उरले होते.

माझं म्हणणं एवढंच, की फ्लेमिंगो जरूर रंगवा, पण त्याच्यामागे चिखल, खारफुटी आणि भरतीचं पाणीही रंगवा. शाळकरी पोरांना कळू दे, की तळं म्हणजे रिकामा प्लॉट नव्हे. आणि ज्या नाल्यांतून खाडीचं पाणी तळ्यात येतं, ते मोकळे आहेत ना, हे दर भरतीला कुणीतरी जाऊन बघायला हवं. हे काम रंगकामापेक्षा स्वस्त आहे.

तुम्हाला काय वाटतं?