लहान पत्त्यांची नाकेबंदी

तालुक्याच्या गावातील केबलचालक इंटरनेट सेवा सुरू करतो आणि स्वतःचे आयपी पत्ते घेतो. मात्र पत्ते मिळाले म्हणजे काम संपत नाही. ‘या पत्त्यांकडे येणारा रस्ता माझ्याकडे आहे’, अशी घोषणा त्याच्या राउटरला करावी लागते आणि ती एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पोहोचते. एखाद्या मोठ्या कंपनीने ती गाळली, तर तिच्या ग्राहकांसाठी हे गाव नकाशावरून नाहीसे होऊ शकते.

ही गाळणी लावण्यामागे कारण आहे. राउटरची स्मृती मर्यादित असते. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या ‘स्प्रिंट’ने नव्याने वाटलेल्या पत्त्यांमध्ये ८,१९२ पेक्षा लहान गट स्वीकारणे बंद केले होते. भीती निराधार नव्हती. १२ ऑगस्ट २०१४ रोजी मार्गांची संख्या सुमारे ५ लाख १२ हजारांवर गेली, तेव्हा जुने राउटर कोलमडले आणि अनेक ठिकाणी सेवा विस्कळीत झाली.

पण परिस्थिती बदलली आहे. आशिया-प्रशांत विभागात पत्ते वाटणाऱ्या ‘एपनिक’कडील साठा एप्रिल २०११ मध्ये आटला. त्यानंतर प्रत्येक सदस्याला या शेवटच्या साठ्यातून कमाल १,०२४ पत्ते मिळू लागले. २०१९ पासून ही मर्यादा ५१२ वर आली. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला लहान तुकडेच उरले. आज साधारणपणे २५६ पत्त्यांपर्यंतचा गट स्वीकारण्याचा प्रघात आहे. त्याहून कडक गाळणी म्हणजे नवागतांनाच शिक्षा.

शिवाय आकार पाहून खोटेपणा ओळखता येत नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या २५६ पत्त्यांवर आपला दावा जाहीर केला. राउटर नेहमी अधिक नेमका, म्हणजे लहान गटाचा मार्ग निवडतात. त्यामुळे सुमारे दोन तास जगातील बऱ्याच भागांतून यूट्यूबकडे जाणारी वाहतूक भलतीकडे वळली. तो गट प्रघातात बसणाराच होता. खोटा होता तो दावा.

म्हणून ‘गट केवढा?’ यापेक्षा ‘घोषणा करणाऱ्याला तसा अधिकार आहे का?’ हे तपासणे महत्त्वाचे. आरपीकेआय ही डिजिटल प्रमाणपत्रांची पद्धत नेमके तेच करते. लहान सेवादारांनी आपल्या पत्त्यांची अशी नोंद करावी आणि मोठ्यांनी ती तपासावी. लहान असणे हा गुन्हा ठरू नये.