‘डिस्ट्रॉय’ म्हणण्याआधी



मागच्या आठवड्यात नातवाला इंग्रजीचा गृहपाठ होता. ‘डिस्ट्रॉय’ या क्रियापदाचे पाच समानार्थी शब्द लिहायचे होते. त्याने भराभर लिहिले: डिमॉलिश, रुइन, रेक, क्रश, स्मॅश. मला कौतुक वाटलं. संध्याकाळी तो मोबाइलवर मित्रासोबत गेम खेळत बसला आणि सकाळचे सगळे शब्द त्या मित्रावर एकेक करून सुटू लागले. शेवटी ‘आय विल किल यू!’ मी स्वयंपाकघरातून ओरडले, ‘बंद कर ते, नाहीतर डोकंच फोडीन तुझं!’

तो शांतपणे म्हणाला, ‘आजी, मग हे काय होतं?’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

माझ्या माहेरी ‘भाजी काप’ म्हटलेलं आईला चालत नसे. ‘भाजी सुधार’ म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. नारळ आणि बांगडी तर साऱ्या महाराष्ट्रातच ‘वाढवतात’. लहानपणी मला हे सगळं जुनाट वाटायचं. सुरी तर भाजीवर चालतेच ना! आता कळतं, हात जे करतो त्याची चव जिभेला लागू नये, एवढीच ती काळजी होती.

आणि आपल्या भाषेत शब्दांची काही कमी नाही. इंग्रजीत एका ‘ब्रेक’वर भागतं, आपल्याकडे दोरा तुटतो, खुर्ची मोडते, माठ फुटतो, काच तडकते. दूध मात्र नासतं. ज्याला त्याला ज्याचा त्याचा शब्द. इंग्रजीतही मुळात असंच माप होतं. ‘डिसिमेट’ हा शब्द रोमन सैन्यातल्या एका शिक्षेवरून आला. दहा सैनिकांमागे एकाला मारत. मी कॉमर्सवाली, म्हणजे माझ्या हिशेबाने दहा टक्के. आज तोच शब्द सगळं धुळीला मिळालं या अर्थाने वापरतात. शब्द सैल सोडला की त्याचं माप असं सुटतं.

पण आपल्या धर्मात विनाशाचे शब्द नाहीत असं कुठे आहे? मंदिरात अष्टद्रव्याची पूजा करताना आपण रोज ते म्हणतो. जल चढवताना जन्म-जरा-मृत्यूचं विनाशन, पुष्प चढवताना कामबाणाचं विध्वंसन, धूप खेवताना अष्टकर्मांचं दहन. णमोकार मंत्रातल्या ‘अरिहंत’ शब्दाचा एक अर्थच मुळी शत्रूंचं हनन करणारा असा आहे. मात्र ते शत्रू म्हणजे आपलीच कर्मं. शेजारीण नाही, जाऊ नाही, गेममधला मित्रही नाही. आपल्या पूर्वजांनी भाजीसाठी मऊ शब्द ठेवले आणि कठोर शब्द स्वतःच्या क्रोध-मान-माया-लोभासाठी राखून ठेवले. आपण नेमकं उलटं केलं. स्वतःचा राग म्हणजे ‘माझा स्वभावच तसा’, आणि दुसऱ्याचं मात्र डोकं फोडायचं.

सून म्हणते, ‘आई, ही नुसती बोलायची पद्धत आहे.’ तिचं अर्धं मला पटतं. गेममध्ये ‘किल’ म्हणणारं लेकरू काही खुनी होत नाही. पण यशोधर राजाची कथा आठवा. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथात ती आहे. आईच्या आग्रहावरून राजाने पिठाचा कोंबडा बळी दिला. जीव कुणाचाच गेला नाही, तरी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत भटकावं लागलं. कोंबडा पिठाचा होता, भाव मात्र खरा होता.

हाच काटा मी स्वतःला लावून पाहिला. नातवाच्या ‘किल’मध्ये खेळाचा जोश होता, राग नव्हता. माझ्या ‘डोकं फोडीन’मध्ये डोकं फोडायचा विचार नव्हता, पण राग अस्सल होता. मग भावहिंसा कुणाची मोठी? आपल्याकडे विनाकारण केलेल्या पापाला अनर्थदंड म्हणतात आणि दुसऱ्याचं वाईट चिंतणं, म्हणजे अपध्यान, हा त्याचाच एक प्रकार. आपली किती बोलणी त्यात मोडतात, हे ज्याचं त्यानं मोजावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मुलांनी इंग्रजी शब्द जरूर शिकावेत, पाच काय पन्नास शिकावेत. पण कोणता शब्द कुठे वापरायचा, हे घरातच शिकवावं लागेल, आणि सुरुवात आपल्या जिभेपासून करावी लागेल.

आमच्याकडे आता फ्रिजवर एक कागद लावला आहे. तोडण्या-मारण्याचा शब्द कुणावर निघाला की त्याच्या नावापुढे एक रेघ. बी.कॉम. झालेली असल्याने हिशेब मीच ठेवते. काल रात्रीपर्यंत नातवाच्या तीन रेघा झाल्या होत्या.

माझ्या सात.