एका अनुस्वारासाठी

अनावश्यक अनुस्वार दिसला की तो खोडल्याशिवाय मला चैन पडत नाही. याला माझा नाइलाज आहे. मूळ शब्दात कधीकाळी असलेल्या अनुनासिकाची खूण म्हणून मराठीत पूर्वी शब्दांच्या डोक्यावर अनुस्वार देत. त्यांना व्युत्पत्तीचे अनुस्वार म्हणायचे. 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ते सारे गेले. तेव्हापासून मराठीच्या प्राध्यापकाच्या हातात खोडण्याचे शस्त्र आले. ते कागदावरच वापरावे, एवढे पथ्य मात्र पाळायला हवे. मी ते पाळले नाही.

गणपतीत दादा आमच्याकडे आला होता. जाताना मनगटावरचे घड्याळ फडताळात विसरला. रात्री फोनवर म्हणाला, "राहू दे, दिवाळीला आलो की नेईन. रोज किल्ली दे. आणि हे बघ, उघडू नकोस."

या शेवटच्या वाक्याला इतिहास आहे. लहानपणी मी घरातला रेडिओ उघडला होता. तो पुन्हा बोलला नाही, आणि बाबाही माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

घड्याळ बाबांचे. एच.एम.टी.चे, 17 ज्वेलचे, 1974 साली पहिल्या पगारातून घेतलेले. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हा कारखाना उभा राहिला, आणि पुढे कितीतरी जावयांच्या मनगटांवर ही घड्याळे चढली. 2016 साली ती घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. बाबाही आता नाहीत. घड्याळ तेवढे चालते आहे.

एके सकाळी नवी चाळिशी लावून किल्ली देत होतो, तो काय? बाराच्या आकड्यावर, काचेखाली, धुळीचा एक काळा कण! हुबेहूब अनुस्वार. दोन दिवस दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी भाजीची सुरी घेतली.

काचेभोवती जे चकचकीत कडे असते त्याला बेझल म्हणतात. आमच्या घड्याळात काच त्या कड्यात बसलेली, आणि कडे खालच्या केसच्या काठावर डब्याच्या झाकणासारखे दाबून बसवलेले. एके ठिकाणी बारीक खाच असते. तिथे सुरीचे टोक घातले आणि कडे टुणकन निघाले. मुलीच्या रंगांच्या पेटीतला कोरडा कुंचला फिरवला. अनुस्वार गेला. सारे दोन मिनिटांत!

कडे परत बसवायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. डावीकडे दाबावे तर उजवीकडे उचलते, उजवीकडे दाबावे तर डावीकडे. अंगठे लाल झाले. शेवटी मी हत्यारांच्या डब्यातून पकड काढली, तेवढ्यात चकल्यांचा डबा भरता भरता सौभाग्यवती बाहेर आल्या.

"अहो, मोडाल! झाकण बसेना की मी आधी त्याची खोबण पुसते. पीठ अडकलेलं असतं."

भिंग लावून पाहिले. कड्याच्या आतल्या खोबणीत घाम, साबण आणि धूळ यांचे पन्नास वर्षांचे काळे किटण! सक्तीची गरज नव्हती, जागेची होती. दात कोरायच्या काडीने तासभर ते कोरून काढले. काठही पुसला, तेव्हा खाचेजवळ दोन वेडेवाकडे ओरखडे दिसले. त्यांतही जुने किटण भरलेले होते. म्हणजे ते माझे नव्हते. असेल कुणा घड्याळजीचे, म्हटले.

मग मऊ फडक्याची घडी खाली, घड्याळ तिच्यावर, काटे मोकळे आहेत ना ते पाहिले, कडे सरळ टेकवले, आणि दोन्ही अंगठे समोरासमोर ठेवून थोडे थोडे दाबत गोल फिरलो. टक्! इतका गोड आवाज मी रेडिओवरसुद्धा ऐकला नव्हता.

नरकचतुर्दशीला दादा आला. फराळाआधी घड्याळ मनगटावर चढवले, आणि थबकला.

"उघडलंस ना?"

"कशावरून?"

"बारावरचा ठिपका कुठाय?"

मी गप्प. दादा ओरडेल असे वाटले होते. तो नुसता काचेकडे पाहत राहिला.

"बाबांनी एकदा उघडलं होतं हे. भाजीच्या सुरीनं. बसता बसेना. कसंबसं बसलं, पण तो कण आत राहिला. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस, धाकट्याला तर मुळीच नको. रेडिओवरून पोराशी दोन दिवस बोललो नाही मी, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

आत चकल्यांच्या डब्याचे झाकण लागल्याचा आवाज आला. मी दादाचा हात हातात घेऊन घड्याळ पुन्हा निरखले. बाराचा आकडा आता अगदी स्वच्छ दिसत होता. नियमाप्रमाणे बिनचूक.

तो अनुस्वार व्युत्पत्तीचा होता.