चतुराचा दोरा

लहानपणी चतुर धरून त्याच्या शेपटीला दोरा बांधण्यात आम्ही पोरे पटाईत होतो. एकदा आईने हा खेळ पाहिला. तिने दोरा कापला आणि तोच माझ्या करंगळीला बांधून मला तासभर खांबाशी उभे केले.

त्या दोऱ्याची आठवण व्हायला कारण घडले ते अमेरिकेतले. तिथल्या सी.आय.ए. या गुप्तहेर खात्याने १९७०च्या दशकात चोरून बोलणे ऐकण्यासाठी एक यांत्रिक चतुर बनवला होता. इंजिनसुद्धा चिमुकले! पण वाऱ्याची आडवी झुळूक आली की स्वारी भरकटे. बेत सोडावा लागला.

मग २००६ मध्ये संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’ या संस्थेने निराळीच युक्ती काढली. कीटक घडवायचा कशाला? जिवंतच हाताशी धरावा! तो कोशात असतानाच अंगात तारा रोवायच्या, म्हणजे वाढते अंग त्यांना आपलेसे करते. शंभर मीटरवरचे लक्ष्य दाखवावे आणि कीटकाने त्याच्या पाच मीटरच्या आत जाऊन बसावे, ही अपेक्षा.

२००९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल महार्बिझ व हिरोताका सातो यांनी आफ्रिकेतला एक दांडगा भुंगेरा बिनतारी हुकमाने उडवून दाखवला. मेंदूला विजेचे बारीक झटके लागोपाठ दिले की पंख सुरू. एकच दिला की बंद. एका बाजूच्या स्नायूला डिवचले की वळण. तोल मात्र भुंगेराच सांभाळतो. यंत्राला न साधलेले काम तो फुकटात करतो! पाठीवर मायक्रोफोन चढवला की हेर तयार. अर्थात पेलणार ते ग्रॅम-दोन ग्रॅम, आणि एवढ्याशा बॅटरीत दम तो किती?

सातो पुढे सिंगापुरात गेले. मार्च २०२५ मध्ये म्यानमारला भूकंप झाला, तेव्हा सिंगापूरच्या मदतपथकाबरोबर तारा जोडलेली दहा झुरळे गेली. पाठीवर कॅमेरे घेऊन ढिगाऱ्याखाली माणसे शोधायची, हे त्यांचे काम.

इथे आईचा कायदा अडतो. शत्रूच्या खोलीत शिरणाऱ्या भुंगेऱ्याचा दोरा तिने खास कापला असता. पण ढिगाऱ्याखाली आपलेच माणूस असते तर? मला सांगवत नाही. आणि पंचाईत ही, की दोन्हीकडे तार तीच.

परवा दिवाळीच्या साफसफाईत मोरीतून एक झुरळ निघाले. सौभाग्यवतींनी केरसुणी उगारली. मी म्हणालो, “थांब, आधी त्याची पाठ पाहू दे!” तिने मला एकवार नखशिखांत न्याहाळले, आणि केरसुणी हाणलीच.